स्लो कुकरचं झाकण उघडू नका, हात जोडून सांगते

काल परत बीफ आणि डंपलिंग (रश्श्यावर वाफेत फुगणारे मैद्याचे गोळे) केलं, स्लो कुकरमध्ये, म्हणजे मंद आचेवर तासन्‌तास शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात, लो वर आठ तास, आणि शेवटी झाकण काढलं तर वर आठ टम्म फुगलेले गोळे आणि त्यांच्या फटींमधून खालचा रस्सा हळूहळू बुडबुडत वर येतोय. त्या वाफेसमोर उभं राहून ठरवलं की आता हे लिहायचंच. कारण "सगळं टाका नि विसरून जा" असं जो तो सांगत सुटलाय ना स्लो कुकरबद्दल, ते मला अजिबात पटत नाही. मधले तास विसरा, खुशाल विसरा. पण सुरुवातीची वीस मिनिटं आणि शेवटची चाळीस मिनिटं तुम्ही तिथे मनापासून हवेत.

आधी मांसाचं बोलते, कारण इथेच बहुतेकांचा घोळ होतो आणि माझाही झालाय. पहिल्यांदा केलं तेव्हा घरी माणसं जेवायला येणार म्हणून मी सगळ्यात महागडं, मऊ, बिनचरबीचं मांस आणलं. आठ तासांनी काय, तर नुसते दोरे! रश्श्यात बुडालेलं असूनही तोंडात कोरडं लागत होतं. खूप वाईट वाटलं होतं तेव्हा. मग कळलं की या पद्धतीला खांद्याचं नाहीतर पायाच्या पोटरीचं मांस लागतं, म्हणजे जनावराचे जे स्नायू दिवसभर राबतात ते. त्यात कोलॅजन, म्हणजे स्नायूंना बांधून ठेवणारं प्रथिन, भरपूर असतं, कच्चं असताना चिवट, पण 70 अंशांच्या वर तासन्‌तास राहिलं की त्याचं जिलेटिन होतं, आणि रस्सा ओठांना किंचित चिकटतो ना, तो यामुळेच. मऊ मांसात वितळायला कोलॅजन फारसं नसतंच, मग ते नुसतं सुकत जातं.

दुसरं म्हणजे परतणं. तुकडे कागदाने कोरडे टिपा, थोडा मैदा लावा, कडक तापलेल्या तव्यावर थोडे थोडे टाका, गर्दी केली की पाणी सुटतं आणि मांस परतलं न जाता उकडतं. याने रस आत कोंडला जातो म्हणतात ते खरं नाही, पण चव येते ती यानेच. तो खरपूस तपकिरी रंग साधारण 140 अंशांच्या पुढे झपाट्याने येतो, आणि स्लो कुकरमधलं पाणी 100 च्या पुढे जाणारच नाही, मग तिथे तो रंग येणार कुठून? तव्याला चिकटलेलं सगळं थोड्या स्टॉकमध्ये (हाडं-भाज्या उकळून गाळलेल्या पाण्यात) खरवडून कुकरमध्ये ओता, ते धुऊन टाकणं म्हणजे चव मोरीत ओतणं.

गाजर बटाटे तळाशी, मांस वर, कारण कंदमुळं मांसापेक्षाही हट्टी असतात. पाणी कमी घाला, इथे वाफ बाहेर जातच नाही, एक किलो मांसाला अर्धा लिटर स्टॉक पुरतो.

आणि आता झाकण. प्रत्येक वेळी डोकावलात की वाफ निघून जाते आणि वीसेक मिनिटं वाढतात. या भांड्याचा जन्मच न उघडण्यातून झालाय हो! अमेरिकेतल्या आयर्व्हिंग नॅक्सन यांना 1940 मध्ये याचं पेटंट मिळालं, आणि कल्पना आली आईने सांगितलेल्या आठवणीतून, की लिथुआनियात शब्बाथला, म्हणजे ज्यूंच्या आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवशी, स्वयंपाक करायचा नाही म्हणून आदल्या संध्याकाळी भांडं बेकरीच्या भट्टीत ठेवायचे आणि भट्टी निवत जायची तसं ते रात्रभर शिजायचं. मला ही गोष्ट फार आवडते.

डंपलिंग. 200 ग्रॅम सेल्फ रेझिंग मैदा (बेकिंग पावडर आधीच मिसळलेला), 100 ग्रॅम सूएट म्हणजे किडनीभोवतीची कडक चरबी, अर्धा चमचा मीठ, थोडी पार्सली, आणि साधारण 150 मिली गार पाणी, तेही एकदम नाही, बघत बघत. सूएट नसेल तर गार बटर किसून घाला, चालतं, पण सूएट लोण्यापेक्षा उशिरा वितळतं, तोवर आजूबाजूचं पीठ थोडं धरलेलं असतं, म्हणून आत बारीक जाळी पडते. मळू नका, प्लीज मळू नका! चमच्याने जेमतेम एकत्र करा, पीठ हाताला चिकटलं पाहिजे, मळलंत की ग्लुटेन, म्हणजे मैद्यातलं चिवट प्रथिन, ताणलं जातं आणि गोळे रबरासारखे होतात. कुकर हाय वर करून रस्सा चांगला बुडबुडायला लागला की मगच गोळे अलगद वर ठेवा, बुडवायचे नाहीत, अंतर ठेवून, कारण ते दुप्पट होतात. झाकणाखाली स्वच्छ फडकं ताणून लावा आणि टोकं वर दुमडून घ्या, नाहीतर झाकणावरचं पाणी थेंब थेंब पडून वरची बाजू गिचगिचीत होते. मग चाळीस मिनिटं लांबच राहा, कारण अर्धवट फुगलेल्याला गार हवा लागली की तो बसतो आणि परत उठत नाही.

झाल्यावर चमच्याने न कापता दोन काट्यांनी फोडून बघा. वर पांढरा, आत पावासारखा, आणि बुडाशी बोटाच्या पेराएवढा भाग रस्सा पिऊन तपकिरी झालेला. तो खालचा भाग मी नेहमी शेवटी खाते.

रस्सा उरला तर फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी जास्त मुरलेला लागतो. डंपलिंग मात्र त्याच दिवशी संपवा, उद्याला नवीन करा, पीठ कालवायला पाच मिनिटंही लागत नाहीत.