वाड्याचं सागवान आणि ‘हिशेब कशाला’ म्हणणारा मेसेज

सोलापुरात जुने वाडे उतरवले जातायत आणि त्यांच्या तुळया वखारीत येऊन पडतायत. कुणी त्यांचा पोटमाळा करतं, कुणी गच्चीवरच्या खोलीचं छप्पर. त्यातच व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरतोय: वाड्याचं लाकूड डोळे झाकून घ्या. सागवान सगळं सारखंच. जड आणि गाठीचं असेल तर आणखी पक्कं. शंभर वर्षं माळवद, म्हणजे मातीचं जाड छप्पर, पेललंय, तुमचा माळा सहज पेलेल. शंका असेल तर चार माणसं उभी करून बघा, इंजिनिअरच्या हिशेबाची गरज नाही.

हे वाचून लोक खरोखर लाकूड उचलतायत, म्हणून एकेका मुद्द्याला उत्तर देतो.

‘सागवान सगळं सारखंच.’ नाही. लाकडी बांधकामासाठी आपल्याकडे भारतीय मानक ८८३ आहे. त्यात लाकडाच्या जातींचे अ, ब, क असे तीन गट आहेत आणि सागवान मधल्या ब गटात येतं. पण जात कळली म्हणजे ताकद कळली असं होत नाही. प्रत्येक तुकड्याची प्रत ठरवावी लागते: निवडक, पहिली किंवा दुसरी. मानकातला ताकदीचा आकडा पहिल्या प्रतीचा असतो. निवडक तुकड्याला तो १.१६ ने गुणायचा, दुसऱ्या प्रतीला ०.८४ ने. म्हणजे दोन्ही तुळया अस्सल सागवानाच्या असूनही एकीवर दुसरीपेक्षा सुमारे ३८ टक्के जास्त भार टाकता येतो. जी दुसऱ्या प्रतीतही बसत नाही, तिची फळ्या-चौकटी करा, माळ्याखाली घालू नका.

‘जड आणि गाठीचं म्हणजे पक्कं.’ वजनाचं थोडंफार खरं आहे, पण ओलं लाकूडही जडच लागतं. गाठीचं मात्र साफ उलटं आहे. गाठ म्हणजे फांदीचं मूळ. तिच्याभोवती लाकडाचे धागे वळसा घेतात, सरळ जात नाहीत. भार आला की तुळईची वरची बाजू दाबली जाते आणि खालची ताणली जाते. हा ताण मधोमध, खालच्या कडेला सगळ्यात जास्त असतो. गाठ नेमकी तिथे असेल तर तुळई तिथूनच फाटते. तीच गाठ उंचीच्या मध्यावर असेल तर इतकं बिघडत नाही. म्हणून वखारीत तुळई उलटीपालटी करून चारही बाजू बघा.

धाग्यांचा तिरकेपणा तर बहुतेक जण बघतच नाहीत. वाळताना पडलेल्या बारीक चिरा धाग्याच्या दिशेनेच जातात. तुळईच्या कडेला समांतर दोरी धरा आणि चीर दोरीपासून किती सरकते ते मोजा. २० सेंटिमीटरला १ सेंटिमीटरपर्यंत सरकली तर निवडक, १५ ला १ पर्यंत पहिली प्रत, १२ ला १ पर्यंत दुसरी. चीर त्याहून तिरकी असेल तर दर कितीही कमी मिळू दे, ती तुळई सोडून द्या.

‘शंभर वर्षं माळवद पेललं.’ हा मुद्दा वजनदार आहे, हे मान्य. फूटभर मातीच्या थराचा भार चौरस मीटरला ५०० किलोच्या आसपास जातो, तर राहत्या खोलीत माणसं-सामानाचा भार २०० किलो धरतात. १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगडमातीच्या भिंती ढासळूनही काही घरांचे खांब-तुळयांचे सांगाडे उभे राहिले, हेही खरं. पण ती तुळई तेव्हा एका लहान खणावर होती आणि शेजारची जवळच होती. तीच तुम्ही दीडपट लांब गाळ्यावर, म्हणजे दोन आधारांमधल्या अंतरावर, टाकली, तर दर फुटाला तेवढ्याच भाराने वाकवणारा जोर सव्वादोन पट होतो आणि झोल पाचपट. शिवाय जुन्या लाकडाला खाचा आणि सांध्यासाठी पाडलेली कुसवाची भोकं असतात. सहा इंच उंच तुळईला खालून दीड इंचाची खाच असेल, तर तिथे ताकद जेमतेम ५६ टक्के उरते, कारण ताकद उंचीच्या वर्गावर चालते. याच कारणाने तीन बाय सहाची तुळई आडवी टाकली की ताकद निम्मी होते. भिंतीत गाडलेली टोकं पटाशीने टोचून बघा. वाळवी आणि ओल बहुधा तिथूनच शिरलेली असते.

‘चार माणसं उभी करून बघा.’ लाकूड घटकाभराचा भार जास्त सोसतं, कायमचा कमी. म्हणून मानकात वाऱ्यासारख्या थोडा वेळ टिकणाऱ्या भाराला १.३३ पट सूट आहे, कायमच्या भाराला काहीच नाही. चार माणसं पाच मिनिटांत उतरतात. ज्वारीची पोती किंवा ५०० लिटरची भरलेली टाकी वर्षानुवर्षं तिथेच राहते. त्या भाराखाली लाकूड हळूहळू झुकत जातं, आणि पाच मिनिटांत त्याचा पत्ताही लागत नाही.

राहिला इंजिनिअरचा हिशेब. गाळा, दोन तुळयांतलं अंतर, तुळईची रुंदी-उंची, प्रत आणि वर काय ठेवणार, एवढी माहिती दिली की तासाभरात होतो. फक्त तो तुळई वखारीतून उचलण्याआधी करून घ्या, कारण नंतर ती परत कुणी घेत नाही.