कोस्लरला पक्षाच्या चष्म्यातून वाचू नका

आर्थर कोस्लरचं नाव निघालं की लगेच दोन तट पडतात. डाव्यांच्या लेखी तो गद्दार, तर उजव्यांच्या हातात 'डार्कनेस ॲट नून' या त्याच्या स्टालिनविरोधी कादंबरीचा झेंडा. माझ्या मते दोघांचंही वाचन अर्धवट. कोस्लर आधी तुरुंगाचा लेखक, बाकी सगळं नंतर.

१९०५ साली बुडापेस्टच्या ज्यू कुटुंबात जन्म, पत्रकारिता, १९३१मध्ये जर्मन कम्युनिस्ट पक्षात प्रवेश, १९३८मध्ये पक्षाला रामराम. खरा लेखक घडला तो फेब्रुवारी १९३७पासून. स्पेनच्या यादवी युद्धात मालागा शहर पडलं आणि ब्रिटिश वर्तमानपत्राचा हा बातमीदार बंडखोर सेनानी फ्रँकोच्या हाती सापडला. सेव्हिलच्या तुरुंगात रोज रात्री कुणाला ना कुणाला गोळ्या घालायला नेत. आपला नंबर कधी लागतोय, याची वाट बघत हा बसलेला. मे महिन्यात कैद्यांच्या अदलाबदलीत सुटला. मग फ्रान्समधल्या ल व्हर्ने छावणीत पुन्हा कैद. पुढे कागदपत्रांशिवाय इंग्लंडात उतरला, तर इंग्रजांनीही पेंटनव्हिल तुरुंगात डांबलं. 'डार्कनेस ॲट नून' १९४०मध्ये छापून आलं तेव्हा लेखक गजाआडच होता!

(मूळ हस्तलिखित जर्मन. ते हरवलं आणि थेट २०१५मध्ये झुरिकच्या ग्रंथालयात सापडलं. तोवर जग डॅफ्नी हार्डीचं इंग्रजी भाषांतरच वाचत होतं.)

कादंबरीतला जुना क्रांतिकारक रुबाशॉव्ह आपल्याच पक्षाच्या कोठडीत येऊन पडतो. चष्म्याने भिंतीवर टकटक करून शेजारच्या कैद्याशी बोलतो. शेजारी निघतो झारनिष्ठ अधिकारी. रुबाशॉव्हचं नाव कळल्यावर त्याची पहिली प्रतिक्रिया, बरी जिरली! आणि थोड्याच वेळात प्रश्न, बाईजवळ शेवटचा कधी झोपलास? विचारसरणी गेली खड्ड्यात, माणूस भुकेलेला आहे. हे भिंतीआड दिवस काढल्याशिवाय सुचत नाही.

१९४८मध्ये तो ब्रिटिश नागरिक झाला. १९५५मध्ये फाशीविरोधी मोहिमेत उतरला, १९६२मध्ये कैद्यांच्या कलेसाठी पुरस्कार सुरू केले. ते आजही दिले जातात. या कामाबद्दल त्याचे भक्तही फारसे बोलत नाहीत, याचा मला राग येतो. आपल्याकडे तो आठवतो तो 'द लोटस अँड द रोबो'मुळे. त्यासाठी तो भारतात फिरला, विनोबांनाही भेटला. गांधींवर टीका केली म्हणून पुस्तकावर आपण बंदी घातली.

पण आरती ओवाळायला मी बसलेलो नाही. त्याने आपल्यावर बलात्कार केल्याचं ब्रिटिश चित्रपट दिग्दर्शिका जिल क्रेगी यांनी सांगितलं आणि ते १९९८च्या चरित्रात आलं. एडिनबरा विद्यापीठाने त्याचा अर्धपुतळा हटवला, योग्यच केलं. १९८३मध्ये आजाराने खंगलेल्या कोस्लरने आत्महत्या केली. सोबत पत्नी सिंथियानेही. ती ५५ वर्षांची होती, धडधाकट. तिला त्याने थांबवायला हवं होतं, यावर मी वाद घालणार नाही.

वाचायचंच असेल तर सेव्हिलच्या तुरुंगावरच्या 'डायलॉग विथ डेथ'पासून सुरुवात करा. उतारवयातलं परामानसशास्त्रावरचं, म्हणजे टेलिपथीसारख्या गोष्टींवरचं लेखन खुशाल सोडून द्या.