येऊ द्या, येऊ द्या!

मनगट दुखायला लागलं, डॉक्टरांनी माउसवर ठपका ठेवला, मी ट्रॅकबॉल घेतला. झाली प्रस्तावना. आता आज सकाळच्या मीटिंगमध्ये माझ्या अंगठ्याची अब्रू कशी गेली ते सांगतो.

ट्रॅकबॉल म्हणजे उताणा पडलेला माउस. यंत्र जागचं हलत नाही. कडेला बसवलेला गोळा अंगठ्याने फिरवायचा, की पडद्यावर बाण फिरतो. हे मला कळतं. हाताला कळत नाही. पंचवीस वर्षं तो माउस ढकलत आलाय, तो आता ट्रॅकबॉलच ढकलतो. ट्रॅकबॉल टेबलभर फिरून येतो, बाण ढिम्म.

तर मीटिंग. भिंतीवर माझा पडदा, समोर अकरा माणसं. फाइल बंद करताना ती नेहमीची चौकट उघडली: सेव्ह, डोन्ट सेव्ह, कॅन्सल. मला मधल्या बटणावर जायचं होतं. अंगठा जरा जोरात फिरला आणि बाण थेट वरच्या कोपऱ्यात. गोळा सावकाश फिरवला तर बाण बोटभर सरकतो, तेवढाच झटक्यात फिरवला तर हातभर पळतो. ही म्हणे सोय आहे. परत आणला, तर बटण ओलांडून खाली. पुन्हा वर. खोलीत सगळे गप्प. आणि त्या शांततेत हिशेब विभागातले काका उठून उभे राहिले.

"येऊ द्या," काका म्हणाले.

ट्रक मागे घेताना क्लीनर करतो तसा त्यांनी हात वर केला होता. "येऊ द्या... येऊ द्या... डावीकडे घ्या जरा... अहो, डावीकडे! हां. आता सरळ. सरळ येऊ द्या... बास, बास, बास!"

तोवर मी सेव्हवर पोचलो होतो.

"गेली गाडी पुढे," काका म्हणाले. "घ्या मागे."

माणसं हसली असती तर चाललं असतं. पण चौघं पाच जण मनापासून मदतीला लागले. "थोडं वर." "नाही, तुमचं वर, आमचं नाही." एस्केप दाबून मोकळं होता आलं असतं, हे मला जेवताना सुचलं.

"नवीन खेळणं वाटतं," काका जवळ येत म्हणाले.

माझा तोल गेला. म्हटलं, नवीन नाही हो, माउसच्या आधीचं आहे! माउसचा शोध लावणाऱ्या एंगेलबार्टच्या प्रयोगशाळेतला पहिला लाकडी माउस १९६४चा. ट्रॅकबॉलची कल्पना १९४६ची, ब्रिटिश नौदलाच्या रडारसाठी. १९५२मध्ये कॅनडाच्या नौदलाने तर यात बोलिंगचा अख्खा चेंडू बसवला होता. (एवढा खर्च केल्यावर रात्री बसून ही माहिती काढली होती. कुणी विचारलं तर असावी म्हणून.)

काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे हे हातात होतं, तरी लोकांनी माउस काढला?"

याला उत्तर नाही. निदान माझ्याकडे नव्हतं.

जुन्या माउसच्या पोटातही गोळा होताच की. खालची गोल चकती फिरवून तो बाहेर काढायचा आणि आतल्या रुळांवर चिकटलेला मळ नखाने खरवडायचा. काळी, चिवट पट्टी अखंड निघाली की काय समाधान वाटायचं! ट्रॅकबॉलमध्ये मळ साचतो तो गोळ्याखालच्या तीन बारीक टेकूंवर. खालच्या भोकातून पेन खुपसून गोळा उडवायचा आणि तीन ठिपके पुसायचे. त्यात काही मजा नाही.

असो. मी हे सगळं मनात घोळवत असताना काकांनी न विचारता हात घातला. दुसऱ्याच्या टेबलावरच्या वस्तूला विचारून हात लावावा, एवढं माणसांना का कळत नाही? त्यांनी अंगठा गोळ्यावर ठेवला, एकदाच हलकेच फिरवला आणि बाण 'डोन्ट सेव्ह'च्या मधोमध जाऊन उभा राहिला. क्लिक.

"यात काय एवढं?" काका म्हणाले आणि जागेवर जाऊन बसले.

आयुष्यभर नोटा मोजलेला अंगठा आहे तो. मी तीन आठवडे मरतोय. मनगट बरं आहे, हे कबूल. आता अंगठा ठणकतो. डॉक्टरांना हे सांगितलं तर ते कशावर ठपका ठेवतील आणि मला पुढे काय विकत घ्यावं लागेल, याचा विचारही नको.

संध्याकाळी शटडाउनच्या बटणाशी माझी झटापट चालू होती. पाठीमागून, डबा पिशवीत कोंबता कोंबता आवाज आला, "उजवीकडे घ्या थोडं."

मी वळून पाहिलं नाही. उजवीकडे मात्र घेतलं.