गाणे पात्राचे, हात आपले

व्हिडिओ गेममधल्या गाण्यांचा विषय निघाला की बोलणे बहुधा चालीवर आणि वाद्यमेळावर येऊन थांबते, शब्दांकडे फारसे कोणी वळत नाही. मला मात्र वर्षानुवर्षे असे वाटत आले आहे की काही गेममध्ये पात्राची खरी कहाणी संवादांत सापडत नाही, ती गाण्याच्या शब्दांत सापडते. याचे कारणही गेम या माध्यमातच आहे. पात्र ज्या घटनेबद्दल गाते ती आपण नुसती पाहिलेली नसते, बटणे दाबून आपणच ती घडवलेली असते. त्यामुळे पात्र गाण्यात खोटे बोलले, काही लपवले किंवा अर्धेच सांगितले, तर ते आपल्या लगेच लक्षात येते. (पुढे काही गेमचे शेवट उघड होणार आहेत; ज्यांना ते नको असतील त्यांनी इथेच थांबावे.)

'पोर्टल'चे उदाहरण देऊन देऊन गुळगुळीत झाले आहे हे मान्य, पण ते टाळून पुढे जाता येत नाही. २००७ साली आलेल्या या गेममध्ये ग्लॅडोस नावाची संगणकीय यंत्रणा आपल्याला एकामागून एक चाचण्या द्यायला लावते, केकचे आमिष दाखवते आणि शेवटी जिवंत जाळायला निघते. आपण तिचे सुटे झालेले गोळे उचलून भट्टीत टाकतो, तिचा नाश होतो आणि श्रेयनामावली सुरू होताच तीच गाऊ लागते. जुन्या संगणकावर एखादा अहवाल टंकला जावा तसे गाण्याचे शब्द पडद्यावर उमटत जातात. प्रयोग उत्तम पार पडला, मला मुळीच राग आलेला नाही, असे ती गोड आवाजात सांगते, आणि त्याच दमात माझे तुकडे करून प्रत्येक तुकडा आगीत टाकलास याचीही नोंद करते. गेम न खेळलेल्या माणसाला हे एक गमतीदार गाणे वाटेल. ज्याने ते गोळे स्वतः भट्टीत टाकले आहेत त्याला मात्र 'राग नाही' या शब्दांतला डंख बरोबर लागतो. जोनाथन कोल्टन यांनी लिहिलेले हे गाणे एलन मॅक्लेन यांनी ग्लॅडोसच्याच आवाजात गायले आहे.

'पोर्टल २'च्या शेवटी (२०११) याच्या उलट घडते. ग्लॅडोस आपल्याला तुसडेपणाने हाकलून देते, पण लिफ्ट वर जात असताना तिच्याच ताब्यातली बंदुका बसवलेली यंत्रे इटालियन भाषेत ऑपेरा गाऊ लागतात. त्यातला मजकूर असा की, माझ्या लाडक्या मुली, विज्ञानापासून दूरच राहा. जी माया तिला तोंडाने कबूल करायची नाही ती बहुतेक खेळाडूंना न कळणाऱ्या भाषेत बाहेर पडते. मला या दोन गाण्यांत हे दुसरेच अधिक धाडसी वाटते.

शब्द खेळाडूच्या तोंडी बसवण्याची युक्ती याहून जुनी आहे. १९९४ च्या 'फायनल फँटसी ६'मध्ये सेलेस ही साम्राज्याची माजी सेनानी एका गायिकेची तोतया म्हणून ऑपेराच्या रंगमंचावर उभी राहते. त्या काळच्या यंत्रात खरा मानवी आवाज वापरलेला नव्हता. गळ्याची आठवण करून देणारा कृत्रिम स्वर आणि पडद्यावरच्या ओळी एवढाच सारा सरंजाम. गाण्याची वही आधी वाचून ओळी पाठ कराव्या लागतात आणि ऐन प्रयोगात पुढची ओळ आपल्याला निवडावी लागते; ती चुकली की प्रयोग फसतो. गाणे आहे विरहात प्रियकराची वाट पाहणाऱ्या मारियाचे. पण त्याआधी सेलेसने तिला सोडवून आणणाऱ्या साथीदाराला, लॉकला, विचारलेले असते की, त्याने तिला वाचवले ते तिच्यासाठी की दुसऱ्या कोणाची उणीव भरून काढण्यासाठी. त्यामुळे मारियाच्या ओळी आपण निवडत असतो तेव्हा बोलत असते सेलेसच, आणि ज्या स्त्रीला लहानपणापासून फक्त लढायला शिकवले गेले तिला हे बोलायला उसने शब्द लागतात.

'ट्रान्झिस्टर' (२०१४) या गेमची नायिका रेड ही गायिका आहे आणि गेम सुरू होण्यापूर्वीच तिचा आवाज हिरावला गेला आहे. तिने पूर्वी गायलेली गाणी अधूनमधून कानी पडतात, ती स्वतः मात्र बोलू शकत नाही. या गेममध्ये एक बटण असे आहे की ते दाबून धरले तर रेड जागच्या जागी उभी राहून चालू असलेल्या सुरावर गुणगुणते. त्याने शत्रू मरत नाही, गुण मिळत नाहीत, काहीच होत नाही. तरीही रिकाम्या रस्त्यात मी ते बटण कितीतरी वेळ दाबून उभा राहिलेलो आहे, आणि शब्दांची किंमत मला शब्दांविना चाललेल्या त्या गुणगुणण्यातून कळली. शेवटी नदी जशी समुद्राकडे जाते तसा तू मला शोधून काढतोस, अशा अर्थाचे गाणे येते तेव्हा तो आवाज परत आल्यासारखा वाटतो.

सगळीच गाणी हे साधत नाहीत. २०२३ च्या 'ॲलन वेक २'मधला संगीतमय प्रसंग अफलातून आहे, पण त्यातले गाणे नायकाची कथा प्रामुख्याने पुन्हा सांगते, नवे फारसे उघड करत नाही, असे माझे मत आहे. त्या प्रसंगाचे चाहते यावर भांडतील याची कल्पना आहे.

'द लास्ट ऑफ अस २'मध्ये (२०२०) जोएल त्याला मुलीसारख्या असलेल्या एलीसमोर गिटार घेऊन पर्ल जॅम या रॉक बँडचे एक गाणे म्हणतो. तू हरवलीस तर मी स्वतःलाच हरवून बसेन, अशा आशयाने ते सुरू होते. वरवर पाहता ही माया आहे, पण पहिल्या भागात तिला वाचवण्यासाठी रुग्णालयात केलेला संहार जोएलच्या नावावर असला तरी कंट्रोलर आपल्या हातात होता, त्यामुळे आपल्याला तो कबुलीजबाबच ऐकू येतो. एलीला त्या वेळी तो तसा ऐकू येत नाही. गेमच्या अगदी शेवटी ती एकटी बसून हेच गाणे वाजवायला घेते. तोवर तिने डाव्या हाताची दोन बोटे गमावलेली असतात. तारा आपणच छेडायच्या असतात. आपण छेडतो, आणि काही स्वर उमटतच नाहीत.