भुंगेरे ओळखणारे पुष्कळ, ताळेबंद वाचणारं कोण?

कीटकशास्त्राच्या संस्थेतही निवडणूक होते, हे ऐकून लोकांना हसू येतं. माशा-मुंग्या बघत बसणारी माणसं तुम्ही, तुम्हाला कसल्या निवडणुका! पण होते, आणि सध्या आमच्या संस्थेत ती चालू आहे. तीन विश्वस्तांची मुदत संपली, तीन जागा रिकाम्या झाल्या, उमेदवार पाच. महिनाअखेरपर्यंत मत द्यायचं आहे. सभासदांच्या गप्पा ऐकाव्यात तर विषय एकच: कोणाच्या नावावर किती नव्या प्रजाती, कोणाचे किती शोधनिबंध, कोणाला कुठलं पदक.

या चर्चेचा मला आता कंटाळा आलाय, म्हणून ही लांबलचक पोस्ट. ज्यांना कीटकांशी देणंघेणं नाही त्यांनी खुशाल पुढे सरकावं.

विश्वस्त निवडणं म्हणजे सत्कार करणं नव्हे. सत्कारासाठी आपल्याकडे पदकं आहेत, मानद सभासदत्व आहे, संमेलनातलं बीजभाषण आहे. ज्या माणसाने आयुष्यभर एका कुळातल्या भुंगेऱ्यांचा फडशा पाडलाय (म्हणजे अभ्यासाचा, गैरसमज नको) त्याला हे सगळं जरूर द्या. पण विश्वस्ताच्या खुर्चीवर बसल्यावर त्याला करायचं काम वेगळंच आहे आणि ते त्याला आवडेल का, जमेल का, हे आपण विचारतच नाही.

काम काय? संस्थेचा रोजचा गाडा पगारी कर्मचारी आणि समित्या हाकतात. संमेलन, नियतकालिकं, विद्यार्थ्यांचा प्रवासखर्च हे सगळं त्यांच्याकडे. विश्वस्तांनी ठेवी कुठे ठेवल्यात ते बघायचं, अंदाजपत्रक मंजूर करायचं, मुख्य अधिकारी नेमायचा, वेळ आली तर काढायचा, आणि काही बिघडलं तर उत्तर द्यायचं. इंग्लंड-वेल्समध्ये अशा संस्था बहुतेक धर्मादाय म्हणून नोंदलेल्या असतात आणि तिथल्या कायद्याप्रमाणे विश्वस्तांची जबाबदारी सामूहिक असते. 'मी फुलपाखरांचा माणूस, हिशेबाचं खजिनदाराला विचारा' असं म्हणून तिथे सुटका होत नाही. आणि हे सगळं बहुधा बिनपगारी.

लंडनमधल्या कीटकशास्त्र संस्थेचंच घ्या. स्थापना १८३३ची, राजसनद १८८५ची, नावामागे 'रॉयल' लागलं १९३३मध्ये. दीड शतकाहून जुनी परंपरा, नॅचरल हिस्ट्री म्युझियमच्या जवळ क्वीन्स गेटवर इमारत. ही संस्था २००७मध्ये तिथून उठून लंडनबाहेर सेंट ऑल्बन्सजवळ गेली. असला निर्णय घेताना कुठल्या भुंगेऱ्याच्या मिशीला किती पेरं असतात हे ज्ञान फारसं कामी येत नाही. इमारतीची दुरुस्ती परवडते का, जुनं ग्रंथालय हलवताना काय होईल, कर्मचारी येतील की सोडून जातील, लांब गेल्यावर सभासद फिरकतील का, असे प्रश्न असतात. त्यावर मत देताना गप्प बसणारा विश्वस्तही मतच देत असतो, फक्त दुसऱ्याने ठरवलेलं.

मग काय, सनदी लेखापाल आणून बसवा आणि शास्त्रज्ञांना घरी पाठवा? तसंही नाही. इथे मला जर्मनीतल्या क्रेफेल्ड शहरातल्या कीटकशास्त्र संस्थेची आठवण येते. १९०५ साली स्थापन झालेली ही संस्था मुख्यतः हौशी मंडळींची. या लोकांनी १९८९पासून संरक्षित क्षेत्रांमध्ये तंबूसारखे जाळीचे सापळे लावले, ठरलेल्या पद्धतीने. सापडलेले उडते कीटक अल्कोहोलच्या बाटल्यांत भरले, वजन केलं, आणि मुख्य म्हणजे बाटल्या ठेवून दिल्या. २०१७ साली निष्कर्ष 'प्लॉस वन' या शोधपत्रिकेत छापून आला: ६३ ठिकाणं, २७ वर्षं, उडत्या कीटकांचं एकूण वजन ७५ टक्क्यांहून जास्त घटलेलं. ऐन उन्हाळ्यात तर घट ८२ टक्क्यांच्या घरात. कीटक कमी होताहेत ही ओरड जुनीच होती, पण या आकड्यांनी ती पार वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर नेली.

आता त्या बाटल्यांकडे हिशेबनिसाच्या नजरेने बघा. जागा अडवतात. अल्कोहोल उडून जातं, पुन्हा भरावं लागतं. ज्वलनशील म्हणून वेगळी काळजी. उत्पन्न शून्य. पंधराव्या वर्षी कोणत्याही शहाण्या खजिनदाराने विचारलं असतं, या ठेवायच्या कशासाठी? तेव्हा खोलीत असा कोणीतरी लागतो, ज्याला ठाऊक आहे की सलग नोंदीची किंमत वीस-पंचवीस वर्षांनी कळते आणि मधलं एक वर्ष गेलं तर ते कितीही पैसे मोजून परत मिळत नाही. मला विश्वस्त मंडळावर असा माणूस हवाय. पण बाटल्या ठेवायला किती खर्च येतो हेही त्याच माणसाला माहीत हवं, नाहीतर त्याचा आग्रह नुसता हळहळण्यापुरता उरतो.

पैशाचा खरा पेच नियतकालिकांचा आहे आणि पाचपैकी चार उमेदवारांनी आपल्या निवेदनात त्याबद्दल अक्षरही लिहिलेलं नाही. बाहेरच्यांना वाटतं की अशा संस्था वर्गणीवर चालतात. वर्गणीतून फार काही होत नाही. कित्येक विद्वत्संस्थांचं मोठं उत्पन्न आपली नियतकालिकं प्रकाशन कंपनीमार्फत विकण्यातून येतं. विद्यापीठांची ग्रंथालयं वर्गणी भरतात, कंपनी आपला वाटा घेते, उरलेलं संस्थेला. त्या उरलेल्यातून विद्यार्थ्यांना मदत, शाळांसाठीचे कार्यक्रम, कर्मचाऱ्यांचे पगार.

सप्टेंबर २०१८मध्ये युरोपातल्या संशोधन-निधी देणाऱ्या संस्थांनी 'प्लॅन एस' जाहीर केला आणि २०२१पासून तो लागू झाला. आमच्या पैशातून झालेलं संशोधन पहिल्या दिवसापासून सगळ्यांना फुकट वाचता आलं पाहिजे, असा त्याचा गाभा. तत्त्व म्हणून मी शंभर टक्के त्याच्या बाजूने आहे. ज्यांच्याकडे ग्रंथालयाचा पासवर्ड नाही अशा हौशी अभ्यासकांचे, शेतीखात्यातल्या लोकांचे, शिक्षकांचे हाल मी पाहिलेत. लेखाचा सारांश दिसतो आणि पुढे दार बंद. पण वाचणाऱ्याने पैसे द्यायचे नसतील तर कुठेतरी कोणीतरी देणारच. बऱ्याच ठिकाणी ते लेखकावर आलं. ज्याच्या मागे मोठं अनुदान आहे तो भरतो. ज्याच्या मागे नाही, म्हणजे निवृत्त वर्गीकरणतज्ज्ञ, छोट्या महाविद्यालयातली प्राध्यापिका, संध्याकाळी दिव्याभोवतीचे पतंग टिपणारा बँकेतला कारकून, त्याने काय करायचं? पूर्वी याला वाचता येत नव्हतं, आता लिहिता येणार नाही. वर आणखी एक धोका: पैसे लेखामागे मिळायला लागले की जास्त लेख छापायचा मोह होतो. संपादक नको म्हणतो, प्रकाशक गोड बोलतो, आणि निर्णय शेवटी विश्वस्तांच्या टेबलावर येतो.

यावर एकच बरोबर उत्तर आहे असं मी म्हणत नाही. लेखकशुल्कात सवलत ठेवता येते, ग्रंथालयांशी एकगठ्ठा करार करता येतात, नियतकालिकांवरचं अवलंबन हळूहळू कमी करता येतं, एखादं तोट्यातलं नियतकालिक बंदही करता येतं. पण उमेदवाराने निदान विचार केलेला असावा. 'विज्ञानाचा प्रसार करेन, तरुणांना प्रोत्साहन देईन' हे मीही लिहीन हो! कशातून देणार?

संग्रहांबद्दल थोडंसंच लिहिते, कारण त्यावर लिहायला बसले की मी थांबत नाही. ज्या संस्थांकडे स्वतःचा नमुना-संग्रह आहे त्यांची गंमत अशी की कीटकांचे संग्रह कीटकच फस्त करतात. वाळलेल्या नमुन्यांवर जगणाऱ्या बारक्या भुंगेऱ्यांच्या अळ्या लक्ष नसेल तर पेटीत टाचणी आणि चिठ्ठी तेवढी शिल्लक ठेवतात. उपाय साधे आहेत, घट्ट बसणारी झाकणं, खोलीचं तापमान, पेट्या आळीपाळीने फ्रीझरमध्ये गोठवणं, पण ते दर वर्षी करावे लागतात आणि त्याचं उद्घाटन होत नाही. २ सप्टेंबर २०१८ला रिओ द जानेरोचं राष्ट्रीय संग्रहालय जळालं. तपासात आगीचं मूळ वातानुकूलन यंत्रात निघालं. देखभालीच्या पैशांची ओढाताण तिथे कित्येक वर्षं चालली होती. कीटकांचा प्रचंड संग्रह, त्यात ज्यांच्यावरून प्रजातींचं मूळ वर्णन झालं असे नमुनेही, जवळजवळ सगळा गेला. वायरिंगच्या खर्चाला कात्री लावायचा ठराव येतो तेव्हा 'थांबा' म्हणणारा विश्वस्त मला कुठल्याही पदकविजेत्यापेक्षा मोठा वाटतो.

आता थोडी कटू गोष्ट. आपल्यात पिकांवरच्या किडींवर काम करणारे लोक खूप आहेत आणि त्यातल्या काहींचा कीटकनाशक कंपन्यांशी सल्लागार म्हणून संबंध असतो. त्यात गैर काही नाही, त्यांचं ज्ञान मंडळाला हवंच आहे. युरोपीय संघाने २०१८मध्ये मधमाश्यांना धोका म्हणून तीन निओनिकोटिनॉइड कीटकनाशकांच्या उघड्यावरच्या वापरावर बंदी घातली, तशा प्रश्नांवर संस्थेने भूमिका घ्यायची झाली तर दोन्ही बाजू जाणणारी माणसं लागतात. पण हितसंबंध लेखी जाहीर करावेत आणि त्या विषयापुरतं खोलीबाहेर जाऊन बसावं. परागीभवनावर काम करणाऱ्यांनाही हेच लागू. अनुदान पर्यावरण संस्थेचं असलं म्हणून ते हितसंबंध नसतात असं थोडंच आहे?

उमेदवारीच्या पत्रकात पहिला रकाना पदव्यांचा असतो, हे मला कायम खटकतं. डार्विनच्याच काळात स्वतंत्रपणे नैसर्गिक निवडीची कल्पना मांडणाऱ्या आल्फ्रेड रसेल वॉलेसची शाळा चौदाव्या वर्षी सुटली होती. तो १८७०-७१मध्ये लंडनच्या याच संस्थेचा अध्यक्ष होता. त्याच्या आधीचा अध्यक्ष हेन्री वॉल्टर बेट्स. अॅमेझॉनच्या जंगलात अकरा वर्षं काढली, विज्ञानाला ठाऊक नसलेल्या सुमारे आठ हजार प्रजाती गोळा केल्या, आणि परत आल्यावर १८६४पासून मरेपर्यंत रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीत सहायक सचिवाची नोकरी केली. म्हणजे पत्रव्यवहार, इतिवृत्तं, छपाई, तक्रारी. जंगल आणि फाईल दोन्ही पेलणारा माणूस असू शकतो, याचा मला एवढा एक पुरावा पुरे. पिसवांवरच्या कामासाठी जगभर ओळखली गेलेली मिरियम रॉथशिल्ड हिनेही विद्यापीठात रीतसर पदवी घेतली नव्हती. नॅचरल हिस्ट्री म्युझियमची ती पहिली महिला विश्वस्त, आणि १९९३मध्ये याच कीटकशास्त्र संस्थेची अध्यक्ष झाली. संस्था तेव्हा १६० वर्षांची होती. आजच्या पत्रकात या तिघांचा पहिला रकाना कोरा राहिला असता.

आपल्या निवडणुकीच्या रीतीबद्दलही बोलायला हवं. कित्येक वर्षं तीन जागांना तीनच अर्ज यायचे. तेही विद्यमान मंडळानेच शोधून आणलेले, सूचक-अनुमोदकही त्यांच्यातलेच. मग 'बिनविरोध' म्हणून टाळ्या. मंडळाने माणसं शोधणं चूक नाही. लेखापरीक्षण कळणारं कोणी हवं असेल तर शोधावंच लागतं. पण मग सरळ सांगा की यंदा आम्हाला हिशेब जाणणारं एक, संग्रह जाणणारं एक आणि तरुण असं एक माणूस हवंय, आणि अर्ज सगळ्यांसाठी उघडे ठेवा. यंदा पाच अर्ज आले ही चांगली गोष्ट आहे. हरणाऱ्या दोघांना समितीवर घ्या, नाहीतर पुढच्या वेळी परत कोणी उभं राहणार नाही.

आणि मत द्या. मत न देणाऱ्यांची कारणं मला पाठ आहेत: वेळ नव्हता, कोणालाच ओळखत नाही, काय फरक पडतो. ओळखत नसाल तर विचारा; उमेदवारांना प्रश्न विचारायची सोय नियमावलीत आहे आणि ती कोणी वापरत नाही. गेल्या वर्षीचा अहवाल आणि ताळेबंद संस्थेने सगळ्यांना पाठवला आहे. त्यातली शेवटची टिपणं वाचा, सगळी मजा तिथेच असते.

माझी दोन मतं ठरली आहेत. एक त्या बाईंना, ज्यांनी निवेदनात नियतकालिकांचं उत्पन्न घटलं तर पहिली कात्री कुठे लावणार हे स्पष्ट लिहिलंय. त्यांची यादी मला अर्धी पटत नाही, तरी त्यांनाच. दुसरं चतुर (ड्रॅगनफ्लाय) या कीटकांच्या नोंदी ठेवणाऱ्या एका हौशी अभ्यासकाला, जो पोटापाण्यासाठी विमा कंपनीत काम करतो. तिसऱ्या जागेवर सगळ्यांचे लाडके प्राध्यापक सहज निवडून येतील. त्यांना मी पत्र लिहून दोन गोष्टी विचारल्या आहेत: वर्षाच्या सगळ्या बैठकांना येणार का, आणि सल्लागार म्हणून कोणाकोणाकडून मानधन घेता. उत्तर आलं की ठरवेन.