पेशी मेल्या प्लेटमध्ये, फॉरवर्ड कॅन्सर बरा झाल्याचा

आमच्या पेठेतल्या बायकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरतंय: सदाफुलीची पानं रोज उपाशीपोटी चावा, स्तनाचा कॅन्सर पळतो, 'संशोधनात सिद्ध'. खाली अंगठ्यांची रांग. मी एमएस्सीला हेच काम केलंय, त्यामुळं गप्प बसवेना.

हे संशोधन असतं कसं? पानं सावलीत वाळवायची, पूड करायची, मिथेनॉलमध्ये अर्क काढायचा. ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये वाढवलेल्या पेशींवर तो कमी-जास्त मात्रेत टाकायचा. एक-दोन दिवसांनी एमटीटी नावाचं पिवळं द्रावण घालायचं. जिवंत पेशी त्याचं जांभळं करतात, मेलेल्या करत नाहीत. पेशी बहुतेक वेळा एमसीएफ-७ नावाच्या, स्तनाच्या कॅन्सरच्या. १९७० मध्ये अमेरिकेत एका ननच्या छातीत साठलेल्या पाण्यातून घेतलेल्या, अजून जगभर वाढतायत. जांभळा फिका पडला की आनंद होतो, खोटं कशाला बोलू! पण त्या खळग्यात ना पोट, ना लिव्हर, ना रक्त. कडक मिठाचं पाणी ओतलं तरी पेशी मरतातच की. त्याच मात्रेत निरोगी पेशी जगल्या का, हे तपासलं नसेल तर किती पेशी मेल्या तो आकडा काय चाटायचाय? सोयाबीनमधलं जेनिस्टीन तर जास्त मात्रेत याच एमसीएफ-७ ना रोखतं आणि कमी मात्रेत वाढवतं. आता काढ्यातनं नेमकं किती रक्तात उतरणार, सांगा बघू.

झाडपाल्याला नावं ठेवत नाहीये मी. टॅक्सॉल हे कॅन्सरवरचं औषध यू नावाच्या झाडाच्या सालीतनंच आलं, आणि ते शोधणाऱ्या जोडीतले मनसुख वाणी आपल्या नंदुरबारचे! रेणूची रचना छापली १९७१ ला, अमेरिकेत स्तनाच्या कॅन्सरसाठी मंजुरी मिळाली १९९४ ला. वाणी आणि त्यांचे जोडीदार मन्रो वॉल यांनीच १९६६ मध्ये एका चिनी झाडातनं कॅम्प्टोथेसिन हा कॅन्सरच्या पेशी मारणारा रेणू काढला. तोच आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या नावाच्या झाडातही आहे, म्हणून तर चोरटी तोड होते त्याची. त्याच घराण्यातला रेणू जोडलेलं औषध २०२० पासून ट्रिपल निगेटिव्ह या स्तनाच्या कॅन्सरच्या अवघड प्रकाराला देतात. तर सह्याद्रीतली झाडं तपासणाऱ्या पोरांची चेष्टा करू नका. त्यांचं काम पहिल्या पायरीचं आहे, आणि शिडी लांब आहे.

सदाफुलीचंही तेच. तिच्यातलं व्हिन्क्रिस्टिन हे कॅन्सरवरचं औषध शिरेतनं देतात, एका वेळी साधारण दोन मिलिग्रॅमच्या वर जाऊ देत नाहीत, आणि शिरेबाहेर सांडलं तर आजूबाजूचं मांस सडतं. कुंडीतल्या कुठल्या पानात ते किती आहे, हे फॉरवर्ड करणाऱ्या वहिनींना ठाऊक आहे का?

कोल्हापूरच्या कपिलतीर्थ मंडईत झाडपाला विकणाऱ्या मावशी बऱ्या. गाठ म्हटलं की, "आधी दवाखान्यात दाखीव बाळ," म्हणतात. आमच्या शिकलेल्या घरांत मात्र गाठ लपवून काढा चालू. केमो सुरू असेल आणि काढाही पीत असाल तर ती बाटली घेऊन डॉक्टरांकडे जा, ओरडू देत. लिव्हरचे रिपोर्ट बिघडल्यावर दोष केमोचा की काढ्याचा, हे त्यांना तुम्ही सांगितल्याशिवाय कळणार कसं?