पक्षाध्यक्षाच्या निवडणुकीने पक्ष फुटतो का?

विरोधी बाकांवर बसलेल्या पक्षाने नवा अध्यक्ष निवडताना मतदान घेऊ नये, असा एक दावा गेली काही वर्षे समाजमाध्यमांवर आणि पक्षांच्या बैठकांतही ठामपणे मांडला जातो. त्याचा आशय असा : सत्ता नसलेला पक्ष आधीच खिळखिळा असतो, त्यात निवडणूक घेतली की गट पडतात, हरलेला माणूस दुरावतो, निकाल तर आधीच ठरलेला असतो, आणि या सगळ्यासाठी विरोधी पक्षाकडे वेळही नसतो, म्हणून ज्येष्ठांनी एकत्र बसून एकमताने नाव ठरवावे आणि इतरांनी ते मान्य करावे. हे म्हणणारे बरेच जण पक्षाच्या काळजीपोटी बोलतात, याबद्दल मला शंका नाही. पण त्यासाठी दिले जाणारे दाखले जवळून पाहिले, तर त्यांची साक्ष बरोबर उलटी आहे.

पहिला दाखला हमखास त्रिपुरीचा असतो. जानेवारी १९३९ मध्ये काँग्रेसच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत सुभाषचंद्र बोस यांनी पट्टाभि सीतारामय्या यांचा दोनशेहून अधिक मतांनी पराभव केला, आणि मे महिन्यात बोस यांनी फॉरवर्ड ब्लॉकची स्थापना केली. म्हणजे निवडणुकीने काँग्रेस दुभंगली, असे सांगितले जाते. या दोन घटनांच्या मध्ये काय घडले, ते मात्र वगळले जाते. निकालानंतर कार्यकारिणीतील बहुतेक सदस्यांनी राजीनामे दिले, आणि त्रिपुरीच्या अधिवेशनात गोविंद वल्लभ पंत यांचा ठराव मंजूर होऊन नव्या अध्यक्षाने आपली कार्यकारिणी गांधीजींच्या इच्छेनुसार नेमावी, असे बंधन घालण्यात आले. निवडून आलेल्या अध्यक्षाला काम करता येईना, म्हणून त्याने एप्रिलअखेर पद सोडले. दुही आली ती मतदानाचा कौल न पाळल्यामुळे. तिचा दोष मतदानावर कसा टाकता येईल?

१९५० ची निवडणूकही तितकीच कडवी होती. पुरुषोत्तमदास टंडन यांना १,३०६, आचार्य कृपलानी यांना १,०९२ आणि आपल्या शंकरराव देव यांना २०२ मते मिळाली. पंडित नेहरूंना टंडन यांची निवड रुचली नव्हती, हे नाशिकच्या अधिवेशनात सर्वांना दिसत होते. पुढच्या वर्षी कृपलानी बाहेर पडले आणि टंडन यांनीही पद सोडले. इतके होऊनही पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत काँग्रेसला लोकसभेच्या ४८९ पैकी ३६४ जागा मिळाल्या. तेव्हाची काँग्रेस सत्तेवर होती हे खरे, पण उघड लढतीने पक्ष मोडतोच, हे विधान येथे टिकत नाही.

महाराष्ट्राच्या अधिक जवळचा दाखला १९९७ चा आहे. केंद्रातली सत्ता गेल्यानंतर झालेल्या त्या लढतीत सीताराम केसरी यांना ६,२२४, शरद पवार यांना ८८२ आणि राजेश पायलट यांना ३५४ मते पडली. पवारांनी १९९९ मध्ये काँग्रेस सोडली, म्हणून त्या फुटीचे मूळ या निवडणुकीत शोधले जाते. कालक्रम तसे सांगत नाही. पराभवानंतर पवार पक्षातच राहिले आणि १९९८ मध्ये लोकसभेत विरोधी पक्षनेते झाले. दरम्यान मार्च १९९८ मध्ये कार्यकारिणीने ठराव करून केसरींना दूर केले आणि सोनिया गांधी यांच्याकडे अध्यक्षपद सोपवले. त्या वेळी मतदान झालेच नाही. १९९९ मध्ये जो प्रश्न पेटला, तो या मतदानाविना झालेल्या निवडीतून पुढे आलेल्या नेतृत्वाचा होता. सोनिया गांधींना तेव्हा पवारांचाही पाठिंबा होता, हे खरे. पण त्यातून एवढेच दिसते की एकमत सव्वा वर्षातही विरू शकते.

आणि एकमताने पक्ष अभंग राहतो, असे म्हणणाऱ्यांनी २०२३ चा उन्हाळा आठवावा. २ मे रोजी मुंबईत यशवंतराव चव्हाण सेंटरमध्ये पवारांनी राष्ट्रवादीचे अध्यक्षपद सोडण्याची घोषणा केली, तेव्हा सभागृहातले कार्यकर्ते अक्षरशः रडत होते. ५ मे रोजी ज्येष्ठ नेत्यांच्या समितीने राजीनामा एकमताने फेटाळला. त्यानंतर ५८ दिवसांनी, २ जुलै रोजी, अजित पवार आणि त्यांच्यासह आठ जणांनी मंत्रिपदाची शपथ घेतली. ज्या मतभेदाला मतपेटीत जागा मिळाली नाही, तो राजभवनात उघड झाला.

येथे थोडे थांबायला हवे, कारण या दाव्यात ज्याचा विचारच केलेला नसतो, अशी एक गोष्ट महाराष्ट्राने फार मोठी किंमत देऊन पाहिली आहे. पक्ष फुटला की नाव आणि चिन्ह कोणाचे, हे निवडणूक आयोग १९६८ च्या चिन्हविषयक आदेशानुसार ठरवतो. सादिक अली प्रकरणात १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलेल्या कसोटीत केवळ आमदार-खासदार मोजले जात नाहीत, संघटनेतले बहुमतही पाहिले जाते. १९६९ च्या काँग्रेस फुटीत संघटनेतले प्रतिनिधी मोजता आले. १७ फेब्रुवारी २०२३ च्या शिवसेनेबाबतच्या आदेशात मात्र आयोगाने म्हटले की पदाधिकारी निवडणुकीविना नेमलेले असल्यामुळे आणि पक्षाची घटना लोकशाहीला धरून नसल्यामुळे संघटनेतल्या बहुमताची कसोटी भरवशाची ठरत नाही. आणि निर्णय विधिमंडळातल्या संख्येवर गेला. ५५ पैकी ४० आमदार ज्यांच्याकडे, त्यांच्याकडे धनुष्यबाण. ६ फेब्रुवारी २०२४ रोजी राष्ट्रवादीच्या घड्याळाबाबतही संघटनेची कसोटी बाजूला पडली आणि आमदारांची संख्याच निर्णायक ठरली.

हे आदेश वादग्रस्त आहेत, त्यांना सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आणि ठाकरे गटाने आयोगाचा निष्कर्ष साफ नाकारला, हे सांगितलेच पाहिजे. पण त्यातून विरोधी पक्षांनी घ्यायचा धडा त्या वादावर अवलंबून नाही. शाखेत वर्षानुवर्षे सतरंज्या उचलणाऱ्या कार्यकर्त्याच्या नावाची मतदारयादीच नसेल, तर पक्ष कोणाचा या प्रश्नात त्याला मोजणार कसे? खरीखुरी पक्षांतर्गत निवडणूक ही अशा यादीची जननी असते. सत्तेबाहेरच्या पक्षाला तर तिची गरज अधिक, कारण आमदार ओढून नेण्याची साधने त्याच्या प्रतिस्पर्ध्याकडे असतात.

हरलेला उमेदवार दुरावतो, या मुद्द्याला थोडक्यात उत्तर देता येते. सन २००० मध्ये जितेंद्र प्रसाद यांना सोनिया गांधींच्या ७,४४८ मतांसमोर अवघी ९४ मते मिळाली. ते अखेरपर्यंत काँग्रेसमध्येच राहिले. त्यांचे पुत्र जितिन यांनी पक्ष सोडला तो २०२१ मध्ये, जेव्हा काँग्रेसला निवडून आलेला पूर्णवेळ अध्यक्षच नव्हता. २०२२ मध्ये हरलेल्या शशी थरूर यांना पुढच्याच वर्षी कार्यकारिणीत घेतले गेले.

राहिला निकाल आधीच ठरल्याचा आक्षेप. २०२२ मध्ये मल्लिकार्जुन खरगे यांच्यामागे पक्षश्रेष्ठींचे वजन होते आणि लढत समसमान नव्हती, हे मी नाकारत नाही. थरूर यांच्या बाजूने मतदारयादी न मिळाल्याची आणि उत्तर प्रदेशातील मतदानात गैरप्रकार झाल्याचीही तक्रार झाली होती. पण त्या निवडणुकीतला एक लहानसा प्रसंग मला महत्त्वाचा वाटतो. मतपत्रिकेवर पसंतीच्या नावापुढे १ हा आकडा लिहावा, अशी सूचना प्रथम निघाली. मतपत्रिकेवर पहिले नाव खरगे यांचे होते, त्यामुळे त्या आकड्याने मतदारांचा गोंधळ होईल, अशी हरकत थरूर यांच्या बाजूने घेतली गेली. मतदानाच्या आदल्या दिवशी मधुसूदन मिस्त्री यांच्या निवडणूक प्राधिकरणाने सूचना बदलली आणि आकड्याऐवजी बरोबरची खूण करायला सांगितले. मोजणीपूर्वी सर्व राज्यांच्या मतपत्रिका एकत्र मिसळल्या, जेणेकरून कोणत्या प्रदेशाने कोणाला मत दिले हे कळू नये. खरगे ७,८९७, थरूर १,०७२, बाद ४१६. श्रेष्ठींची पसंती माहीत असूनही हजाराहून अधिक प्रतिनिधींनी वेगळे मत दिले, ते या गुप्ततेच्या आधारावर. श्रेष्ठींकडे सर्वाधिकार देणाऱ्या एका ओळीच्या ठरावात हे हजार जण कुठे दिसले असते? उणिवा दाखवायच्या तर याद्या उघड करा, वेळेत द्या, अशी मागणी करावी. निवडणूकच नको, हा त्यावरचा उपाय होऊ शकत नाही.

भारतीय जनता पक्षात अध्यक्ष बिनविरोधच होतात आणि तो पक्ष जिंकतो, हेही सांगितले जाते. ते खरे आहे. पण तिथेही जानेवारी २०१३ मध्ये नितीन गडकरी यांच्या दुसऱ्या कार्यकाळासाठी पक्षाची घटना बदललेली असताना ऐनवेळी ते बाजूला झाले आणि राजनाथ सिंह बिनविरोध निवडले गेले. मतभेद होतेच, ते फक्त बंद दाराआड मिटवले गेले. त्या दाराआड मध्यस्थी करू शकणारी, पक्षाबाहेरची आणि पक्षाहून जुनी संघटना भाजपपाशी आहे. ती ज्यांच्यापाशी नाही, त्यांनी ही पद्धत उसनी घेऊन भागत नाही.

शेवटचा मुद्दा वेळेचा. राहुल गांधी यांनी जुलै २०१९ मध्ये राजीनाम्याचे पत्र जाहीर केले, ऑगस्टमध्ये सोनिया गांधी हंगामी अध्यक्ष झाल्या, आणि ऑगस्ट २०२० मध्ये २३ नेत्यांनी पत्र लिहून संघटनेच्या निवडणुका मागितल्या, तरी त्या लांबतच गेल्या. या काळात ज्योतिरादित्य शिंदे गेले, जितिन प्रसाद गेले, कपिल सिब्बल गेले, गुलाम नबी आझाद गेले. निवडणुकीची अधिसूचना निघाली २२ सप्टेंबर २०२२ रोजी, मतदान झाले १७ ऑक्टोबरला आणि निकाल लागला १९ ऑक्टोबरला. निवडणूक टाळण्यात तीन वर्षांहून अधिक काळ गेला. घेण्यास २८ दिवस लागले.